तारे तर एकमेकांवर आदळत नाहीत, मग दीर्घिकांच्या टकरीतून नवे तारे येतात कुठून?

खाडीकाठ (ऐरोली)

डिसेंबरच्या अमावस्येला लेकीला घेऊन वांगणीला गेलो होतो. ती नववीत आहे. तिथे एका गृहस्थांनी त्यांच्या दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अफाट समूह, दाखवली. दिसायला धुक्याचा लांबट डाग, पण तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय म्हटल्यावर पोरगी डोळा काढेना. ती दीर्घिका सेकंदाला ११० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतेय, हेही त्यांनीच सांगितलं. परतीच्या गाडीत बदलापूर यायच्या आत तिचा प्रश्न आला: बाबा, ती आदळली तर सूर्य फुटेल का?

घरी येऊन मिळेल ते वाचलं. सगळीकडे हेच लिहिलंय की ताऱ्यांमध्ये अंतर एवढं असतं की दोन दीर्घिका एकमेकींतून गेल्या तरी तारा ताऱ्याला लागत नाही. तिथपर्यंत पटलं. पण लगेच पुढच्या ओळीत असतं की अशा टकरीत नवे तारे भराभर जन्मतात. आता मी दिवा कोळीवाड्यातला, बाबा खाडीत डोल लावायचे. दोन जाळी एकमेकांतून आरपार गेली, दोऱ्याला दोरा लागला नाही, तर मधे नवीन काही तयार होईलच कसं?

दुसरी अडचण फोटोंची. टकरीतल्या दीर्घिकांना लांब शेपट्या दिसतात. एक दीर्घिका दुसरीला ओढतेय तर माल तिच्या दिशेने जायला हवा. फोटोत तर शेपटी उलट बाजूला, तिच्यापासून दूर गेलेली दिसते. हे कसं?

मी रबाळ्याला कंपनीत पाळीत काम करतो, गणित दहावीपर्यंतचं. पण लेकीला अर्धवट उत्तर द्यायचं नाहीये. कुणी नीट समजावेल का?

वांगणीवारी (नौपाडा, ठाणे)

तुम्ही खाडीकाठचे आहात म्हणून आधी शेपटीचं सांगतो. त्याचं उत्तर तुमच्या दारात रोज दोनदा येतं.

चंद्र एकच आहे. मग खाडीला दिवसातून दोन भरत्या का? चंद्राने पाणी नुसतं स्वतःकडे ओढलं असतं तर एकच भरती आली असती. होतं असं की चंद्राकडच्या बाजूचं पाणी चंद्राला जवळ, म्हणून त्याला ओढ जास्त. मधली पृथ्वी त्याहून लांब, तिला जरा कमी. पलीकडच्या बाजूचं पाणी सगळ्यात लांब, त्याला सगळ्यात कमी. म्हणजे अलीकडचं पाणी पृथ्वीच्या पुढे सरकतं आणि पलीकडचं पृथ्वीच्या मागे राहतं. दोन्ही बाजूंना फुगवटा. भरती ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. एवढं वाक्य लेकीला पाठ नको, पण पटलेलं असू द्या; पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता पृथ्वीच्या जागी एक लाख प्रकाशवर्षं रुंद तबकडी ठेवा आणि चंद्राच्या जागी तेवढीच दुसरी दीर्घिका. ती जवळून गेली की अलीकडच्या बाजूचे तारे आणि वायू तिच्याकडे ताणले जातात, त्याचा दोघींमध्ये पूल होतो. पलीकडच्या बाजूचा माल मागे राहतो, त्याची शेपटी होते. तबकडी मुळात फिरत असते, म्हणून हा माल सरळ न जाता वाकून लांबवर फेकला जातो. पाहुणी दीर्घिका तबकडीच्या फिरण्याच्या दिशेनेच गेली तर शेपटी लांबलचक. उलट दिशेने गेली तर जेमतेम. झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकललं तर तो उंच जातो आणि लय सोडून ढकललं तर अडखळतो, तसं.

हे पहिल्यांदा कुणी करून पाहिलं ती गोष्ट मला फार आवडते. १९४१ साल, संगणक नाहीत. स्वीडनमधल्या लुंडच्या एरिक होल्मबर्ग या शास्त्रज्ञाने टेबलावर विजेचे दिवे मांडले. ३७ दिवे म्हणजे एक दीर्घिका, दुसरे ३७ म्हणजे दुसरी. प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो, गुरुत्वाकर्षणही तसंच कमी होतं. मग प्रत्येक दिव्याच्या जागी प्रकाश मोजायचा, कुठल्या बाजूने किती येतो ते बघायचं, तीच त्या जागेवरची ओढ समजायची, आणि दिवा तेवढा सरकवायचा. सगळे दिवे सरकवून झाले की पुन्हा पहिल्यापासून. त्यात त्याला दीर्घिकेतून फाटे फुटताना दिसले. एकमेकींजवळून जाताना दीर्घिकांची गती खर्च होते आणि त्या एकमेकींत अडकू शकतात, हेही दिसलं.

तरीही पुढे तीसेक वर्षं पुष्कळांना वाटायचं की नुसत्या गुरुत्वाकर्षणाने इतक्या बारीक, इतक्या लांब शेपट्या निघणं शक्य नाही. १९७२ मध्ये आलार आणि युरी तूमरे या भावांनी संगणकावर दाखवलं की निघतात. त्यांनी घेतलेल्या उदाहरणांत एनजीसी ४०३८ आणि ४०३९ ही जोडी होती. फोटोत किड्याच्या दोन मिशांसारख्या शेपट्या दिसतात, ती हीच असावी. ती आपल्या हस्त नक्षत्राजवळ आहे, सहा-सात कोटी प्रकाशवर्षांवर.

आता तारे. जाळ्याचं उदाहरण मनापासून आवडलं, पण त्यात एक गोष्ट सुटली. खाडीत दोन जाळी एकमेकांतून गेली तर दोरा दोऱ्याला लागणार नाही, कबूल. पण जाळ्याच्या भोकांत पाणी असतं. पाण्याला पाणी लागणारच.

तारे किती विरळ आहेत ते आधी बघा. सूर्य म्हणजे दोन मिलिमीटरचा मोहरीचा दाणा धरला आणि तो ठाणे स्टेशनवर ठेवला, तर सगळ्यात जवळचा तारा सुमारे ५८ किलोमीटरवर येतो. रुळाने मोजलं तर आसनगाव सोडून पुढे. मधे एकही दाणा नाही. याउलट दीर्घिका त्यांच्या आकाराच्या मानाने खेटून आहेत. पंगतीत ताटाला ताट लावून बसवलं आणि पहिलं ताट आपली आकाशगंगा मानली, तर देवयानी पंचविसाव्या ताटाच्या आसपास. म्हणून दीर्घिका सहज भेटतात आणि तारे भेटत नाहीत.

पण ठाण्यापासून आसनगावपर्यंतची जागा रिकामी नाही. तिथे हायड्रोजन वायू आहे, धूळ आहे. शंभर-शंभर प्रकाशवर्षं रुंदीचे ढग आहेत. हे ढग एकमेकांतून आरपार जाऊ शकत नाहीत. ते भिडतात, दबतात, तापतात. आणि इथे तारा आणि वायू यांच्यातला खरा फरक येतो: वायू तापला की ती उष्णता प्रकाशाच्या, मुख्यतः डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकून देतो. थंड झाला की त्याचा आतून बाहेर रेटणारा दाब कमी होतो आणि तो आणखी दबतो. ताऱ्यांच्या थव्याला असं गार होता येत नाही, म्हणून तो दुसऱ्या थव्यातून निघून जातो. वायू मात्र तिथेच साचतो. ढग पुरेसा दाट आणि पुरेसा थंड झाला की स्वतःच्याच वजनाने कोसळतो, तुकडे पडतात, आणि त्या तुकड्यांचे तारे होतात.

दुसरीही एक वाट आहे, आणि माझ्या मते तीच जास्त मोठी. भरतीच्या ओढाताणीत दीर्घिकेच्या मधोमध ताऱ्यांचा एक लांबट पट्टा तयार होतो. फिरणारा वायू या पट्ट्याच्या जरा पुढे धावतो आणि पट्टा त्याला सतत मागे खेचत राहतो. त्याचं फिरणं मंदावतं. फिरणं मंदावलं की तो केंद्राकडे घसरतो. हजारो प्रकाशवर्षांवर पसरलेला वायू मधल्या थोड्याशा जागेत येऊन दाटतो आणि तिथे ताऱ्यांचा भडका उडतो. आर्प २२० नावाची दीर्घिका या अवस्थेत आहे, अंतर सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षं. आपली आकाशगंगा वर्षाला सूर्याच्या एक-दोन पट वायूचे तारे करते. आर्प २२० मध्ये हा आकडा शंभराच्या वर आहे. साध्या दुर्बिणीत ती फिकी दिसते कारण सगळा प्रकार धुळीत झाकलेला आहे. १९८३ मध्ये सोडलेल्या आयरास उपग्रहाने अवरक्त किरणांत आकाश पाहिलं, तेव्हा अशा दीर्घिका किती प्रखर आहेत ते कळलं.

आणि सूर्य फुटेल का, याचं उत्तर: नाही. लेकीला निर्धास्त सांगा.

पांडवकडा (खारघर)

वरचं उत्तर छान आहे. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून दोन-तीन ठिकाणी जरा अडवते. मुलीपर्यंत हे जाणार आहे ना.

देवयानी आपल्यावर येऊन आदळणारच, असं आता ठामपणे सांगू नये. २०१२ मध्ये हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून सुमारे चार अब्ज वर्षांनी टक्कर होईल असं मांडलं गेलं आणि तेच सगळ्या पुस्तकांत गेलं. २०२५ मध्ये हबल आणि गाया या दोन्ही अंतराळ दुर्बिणींची मोजमापं घेऊन पुन्हा गणित झालं. त्यात मोठा मॅगेलन मेघ आणि त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ या शेजारच्या दीर्घिकांची ओढही धरली, आणि पुढच्या दहा अब्ज वर्षांत टक्कर होण्याची शक्यता साधारण निम्मी निघाली. म्हणजे नाणेफेक. ती आपल्याकडे येतेय हे खरं, पण आडवी किती सरकतेय हे मोजायला फार अवघड आहे आणि सगळं त्यावर अवलंबून आहे.

दुसरं, टक्कर झाली की भडका उडतोच, हा समज काढायला हवा. आर्प २२० सारखी उदाहरणं ठळक असतात म्हणून डोळ्यांत भरतात. सरासरी काढली तर जवळून जाणाऱ्या जोड्यांमध्ये ताराजन्माचा वेग बेताचाच वाढलेला आढळतो. किती वाढेल हे वायू किती शिल्लक आहे, कोनाने गेल्या की सरळ, कुठली मोठी, कुठली लहान, यावर ठरतं. दोन जुन्या लंबगोल दीर्घिका, ज्यांच्यात थंड वायू उरलाच नाही, त्या एकत्र आल्या तर तारे मिसळतात आणि बस्स. नवा तारा जवळपास एकही नाही. जाळी आहेत, पाणी नाही.

आणि भडका स्वतःलाच विझवतो, हे वर राहिलं. त्यात जन्मलेले सगळ्यात जड तारे काही दशलक्ष वर्षांतच अतिनवतारे होऊन फुटतात. त्यांचे वारे आणि धक्के उरलेला वायू बाहेर फेकतात. एम ८२ या दीर्घिकेत हे समोर दिसतं: तबकडीच्या वर आणि खाली वायूचे फवारे निघालेत. सप्तर्षीच्या भागात आहे ती, एक कोटी वीस लाख प्रकाशवर्षांवर. शेजारी एम ८१. फोटोत दोघी सुट्ट्या वाटतात, मधे काळोख. पण १९९४ मध्ये हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटर रेडिओलहरींवर नकाशा काढला तेव्हा दोघींमध्ये वायूचे पट्टेच्या पट्टे दिसले. एक दीर्घिका दुसरीजवळून गेल्याचा पुरावा तसाच पडून होता, फक्त डोळ्यांना दिसणारा नव्हता. तुमची मुलगी पुढे कधी जुन्नर तालुक्यात खोडदला गेली तर तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांना बघताना हे आठवू दे. त्याही हायड्रोजनची हीच लहर ऐकू शकतात.

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट. आपली आकाशगंगाही अशा भेटींतून घडलीय. गायाच्या मोजमापांवरून २०१८ मध्ये कळलं की सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी एक चांगली मोठी दीर्घिका तिच्यात मिसळली. तिचे तारे अजून वेगळ्या चालीने फिरतात म्हणून ओळखू येतात. १९९४ मध्ये सापडलेली धनू राशीतली बटुदीर्घिका तर आत्ताही आकाशगंगेत विरघळतेय. २०२० च्या एका अभ्यासात आपल्या परिसरात ताराजन्माचे भर सुमारे ५.७ अब्ज, १.९ अब्ज आणि १ अब्ज वर्षांपूर्वी आलेले दिसले. ही बटुदीर्घिका जवळून गेली असावी त्या काळांशी ते जुळतात. सूर्य ४.६ अब्ज वर्षांचा. यावरून सूर्य त्या भेटीचं मूल आहे असं मी वर्गात सांगत नाही, एवढा आधार नाही. पण वर्गातली मुलं हा प्रश्न स्वतःहून विचारतात तेव्हा मला फार बरं वाटतं.

खाडीकाठ (ऐरोली)

काका, बाई, दोघांचे आभार. रात्री दोनदा वाचलं आणि सकाळी लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं.

भरतीचं वाचताना अंगावर काटा आला. उधाण आणि भांग आमच्याकडे लहानपणापासून कळतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही. दोन वेळा भरती येते हेही अर्थातच माहीत. पण पलीकडच्या बाजूची भरती का येते हे मी कधी विचारलंच नव्हतं. बाबांना विचारलं असतं तर म्हणाले असते, खाडी आहे, येते. तेच गणित सहा कोटी प्रकाशवर्षांवर चालू आहे.

लेकीचा पुढचा प्रश्न आहे, आणि तो मलाही पडलाय. तिने कुठेतरी वाचलं की ताऱ्यांमधल्या जागेत एका घन सेंटीमीटरला सरासरी एखादाच अणू असतो. ती म्हणते, हे तर आपण प्रयोगशाळेत करतो त्या निर्वातापेक्षाही रिकामं. मग जाळ्यातल्या पाण्याला पाणी लागेलच असं काका कसं म्हणाले? अणूसुद्धा ताऱ्यांसारखे न भेटताच जाणार नाहीत का?

वांगणीवारी (नौपाडा, ठाणे)

प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

विरळ आहे की दाट, हे त्या वस्तूला किती लांब जायचंय त्यावर बघायचं. इतक्या विरळ वायूतही एक अणू दुसऱ्या अणूला गाठायला पृथ्वी-सूर्य अंतराच्या पन्नास-शंभर पट अंतर जातो. आपल्याला हे अंतर प्रचंड वाटतं. पण एका प्रकाशवर्षात अशी पृथ्वी-सूर्य अंतरं ६३ हजार बसतात. म्हणजे एक प्रकाशवर्ष ओलांडायच्या आत त्या अणूची शेकडो वेळा कुणा ना कुणाशी गाठ पडते. ढग तर शंभर प्रकाशवर्षांचा. तो अणू पलीकडे पोचूच शकत नाही. ताऱ्याचं उलट आहे. तो अख्खी दीर्घिका ओलांडून गेला तरी त्याला धडक बसण्याची शक्यता नगण्य. म्हणून एकाच टकरीत तारे आरपार जातात आणि वायू अडकून पडतो. तारे जिथे जन्मतात ते ढग तर या सरासरीच्या शेकडो-हजारो पट दाट असतात, तिथे प्रश्नच नाही.

बाईंचं सगळं मान्य. भडक्याबद्दल मी उत्साहात जरा एकतर्फी लिहिलं. मी आठ इंची दुर्बीण घेऊन वर्षानुवर्षं वांगणीला जातोय, आणि ज्या जोड्या बघायला धावतो त्या ठळकच असतात.

पण एक गोष्ट मुलीला जरूर सांगा. आपण फोटोत बघतो ती टक्कर नसते, टकरीतला एक क्षण असतो. पहिली जवळीक, मग लांब जाणं, मग पुन्हा ओढलं जाणं, मग एकजीव होणं, याला कोट्यवधी वर्षं लागतात, कधी अब्जाच्या पलीकडे. एकच जोडी शेवटपर्यंत बघणं कुणालाच शक्य नाही. म्हणून आकाशात वेगवेगळ्या जोड्या वेगवेगळ्या टप्प्यांवर शोधायच्या आणि क्रम लावायचा. हॅल्टन आर्पने १९६६ मध्ये अशा विचित्र दिसणाऱ्या ३३८ नोंदींचा फोटोसंग्रह छापला. आर्प २२० मधला २२० तिथलाच.

एप्रिलच्या अमावस्येला याल का? सप्तर्षीच्या शेपटीचं टोक म्हणजे मरीची, त्याच्या जवळ एम ५१ ही दीर्घिका. आयर्लंडच्या लॉर्ड रॉसने १८४५ मध्ये बहात्तर इंची दुर्बिणीतून दीर्घिकेचे सर्पिल फाटे पहिल्यांदा पाहिले ते हिच्यातच. फाट्याच्या टोकाशी लहान सोबतीण आहे. माझ्या दुर्बिणीत फाट्यांचा नुसता भास होतो, पण दोन गाभे वेगळे दिसतात. नंतर दक्षिणेला हस्ताचे पाच तारे वर आले की त्यांच्या पश्चिमेला ती मिशांची जोडी शोधू. मिशा दिसणार नाहीत, त्या फार फिक्या. आकाश स्वच्छ असेल तर वाकडा, आखडलेला एक डाग दिसेल. माझा एक जुना सोबती त्याला कोळंबी म्हणायचा. बदलापूरकडचा उजेड दर वर्षी वर चढतोय, त्यामुळे जेवढ्या लवकर बघाल तेवढं बरं.

खाडीकाठ (ऐरोली)

येतो. अमावस्येला उधाणाचं पाणी, भाऊ पहाटेच होडी काढेल. माझी त्या दिवशी पहिली पाळी आहे, चारला मोकळा होतो. ऐरोलीहून ठाणे आणि तिथून कर्जत गाडी, अंधार पडायच्या आत वांगणीला पोचतो. कोळंबी आम्ही ओळखू.

आणि काका, होल्मबर्गचे दिवे लेकीच्या डोक्यात बसलेत. काल रात्री तिने स्वयंपाकघरात एकच बल्ब लावला आणि माझ्या मोबाईलमधल्या प्रकाश मोजायच्या अ‍ॅपने आकडे घेतले. एक हातावर ८०, दोन हातांवर २०. इथपर्यंत बरोबर चौथा हिस्सा. पण चार हातांवर पाच यायला हवे होते, तिथे अकरा आले. तिचं म्हणणं, भिंतीवरून आणि फ्रीजवरून उजेड परत येतोय. शनिवारी आईची काळी साडी भिंतीला लावून, फ्रीज झाकून परत मोजणार आहे. आकडे इथे टाकतो.